समूच्या गावचा राब

वर्तकनगर, ठाणे
वैशाखातली भर दुपार

प्रिय समू,

पोटभर आशीर्वाद. पत्र आणून देणाऱ्याला पाणी विचारलंस का? नसशील विचारलं तर आधी कागद खाली ठेव, पाणी दे, मग वाच. एवढा चढ चढून माणूस तुझ्या दारात येतो, घसा कोरडा पडलेला असणार. मी काही पळून जात नाही, इथेच आहे कागदावर.

तुला वाटेल, आजीचं तोंड रोज फोनवर दिसतं, मग पत्र कशाला? अगं, फोनवर तुझी आई शेजारी येऊन बसते. मी वाक्य सुरू करते आणि ती ते संपवते. शिवाय तुझ्या त्या डोंगरामागे रेंज गेली की मी किती वेळ तुझ्या थिजलेल्या नाकाशी बोलत बसते. पत्रात कुणी मध्ये बोलत नाही. माझी शाळा तिसरीत सुटली आणि अक्षर त्याच वयाचं राहिलं, पण ब्रश धरायला लागल्यापासून हात जरा वळतोय. कल्पिता मॅडम म्हणते, आजी, तुमची रेघ बिनधास्त आहे. वयाने ती तुझ्याएवढीच, पण शिकवते म्हणून मॅडम म्हणायचं.

त्या क्लासला मी कशी गेले ते तुला नीट सांगितलंच नाही. मी गेलेले तुझ्या आईची योगाची चटई आणायला. सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्या माझ्या वयाच्या बायका टेबलांना बसलेल्या, आणि प्रत्येकीपुढे कागद चिंब ओला. मला वाटलं, कुणाची तरी पाण्याची बाटली लवंडली. मी आपली पदर घेऊन पुसायला धावले. एवढ्या ओरडल्या सगळ्या! ते पाणी मुद्दाम घातलेलं होतं म्हणे, आभाळासाठी. मॅडम हसली आणि म्हणाली, आता एक आभाळ पुसलंत, तर बसा आणि एक काढून द्या. बसले. चटई अजून तिथेच आहे. आई विचारते मधनंमधनं, मी ऐकू न आल्यासारखं करते.

मजा आहे गं या पाण्याच्या रंगांची. यात पांढरा लावतच नाहीत, निदान आमची मॅडम लावू देत नाही. बर्फ दाखवायचा म्हणजे तेवढा कागद मोकळा सोडून द्यायचा. मी म्हटलं हे बरं आहे, सगळ्यात उंच डोंगर आणि काम सगळ्यात कमी. सावलीसुद्धा काळी करायची नाही, जांभळाचा डाग धुवून फिकट झाल्यावर जसा दिसतो तशी करायची. आणि चुकलं तर खोडता येत नाही. रांगोळी चुकली तर फुंकर मारून मोकळं होता येतं, भाजी तिखट झाली तर वरनं खोबरं घालता येतं. इथे जे पडलं ते पडलं. मला आधी भीती वाटायची. आता वाटते ती वेगळीच भीती, की क्लास सुटेल आणि माझा डोंगर अर्धा राहील.

तर तुझा डोंगर. गेल्या भादव्यात तू शिकवतेस त्या शाळेच्या मागच्या उतारावरनं फोटो पाठवलेलास ना, तो मी मॅडमकडून मोठा करून घेतला. ती सरळसोट उंच झाडं, खराटे उलटे रोवल्यासारखी. खाली ओढा आणि तुझ्या शाळेचं छप्पर. कडेला तुझी जर्दाळूची झाडं. डोंगराचा रंग काही केल्या जमेना. शेवटी मी घरनं नाचणीची भाकरी नेली, खिडकीत उन्हात ठेवली आणि तिच्याकडे बघून रंग केला. बरोब्बर जमला. भाकरी मग आम्ही सगळ्यांनी वाटून खाल्ली, लसणाच्या चटणीबरोबर. मॅडमलाही आवडली.

आणि त्या फोटोत, अगदी पुढच्या उतारावर, गोल गोल काळे डाग होते. बरेच, जवळजवळ. मी ते बघितले आणि मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, तो राब आहे. तुला आठवतं ना, लहानपणी मे महिन्यात आपण खडवलीला जायचो आणि तुझा जगनआजा, माझा धाकटा भाऊ, शेताच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरून पेटवून द्यायचा? तू भोकाड पसरायचीस, आज्याने शेत जाळलं म्हणून. मग पाऊस लागला की बाकी सगळं शेत मातकट आणि त्या जळक्या तुकड्यावर तेवढी भाताची रोपं अशी पोपटी, की बघून डोळे थंड व्हावेत. मला वाटलं, बघा, इतक्या लांब, बर्फाच्या मुलखात, तिथली माणसंसुद्धा आपल्यासारखाच राब भाजतात. जमीन थोडी म्हणून तुकडे लहान करत असतील. मी ते काळे डाग मन लावून काढले आणि प्रत्येकात काठाकाठाने पोपटी रोपं लावली. फोटोत नव्हती, पण राब भाजलाय म्हणजे रोपं येणारच ना! मॅडमला राब काय तो ठाऊक नाही, ती कल्याणच्या बिल्डिंगीत वाढलेली. ती म्हणाली, आजी, हे हिरवं फार धीट आलंय. मी फुगले.

आता तुझ्या बाबाचं. तुला सगळं ठाऊक आहे, पण घरात बसून आम्हाला काय दिसलं ते ठाऊक नाही. दिवाळीत तू म्हणालीस की शाळेवाल्यांनी तुला कायमचं राहायला सांगितलंय, मुलांचं वसतिगृह चालवायला, आणि तुला राहायचंय. सुदेशने फराळाची ताटली बाजूला सरकवली आणि म्हणाला, जगनमामाचा पाय गेला तेवढा पुरे झाला, आपल्या घरातलं आणखी काही त्या डोंगराला द्यायचं नाही. तूही त्याचीच लेक. म्हणालीस, बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच राहीन, नाहीतर उन्हाळ्यात गाशा गुंडाळून येईन. आणि गेलीस. त्यानंतर तो तुझ्याशी बोलला नाही हे तुला दिसलं. पण तुझा फोन वाजला की तो कुठे जायचा ते दिसलं नाही. बाल्कनीत जायचा, कुंड्यांना पाणी घालायला. दार उघडं ठेवून. तुझं बोलणं संपेपर्यंत पाणी घालत राहायचा. तुझ्या आईची जास्वंद कुजली त्यात. मोगरा वाचला तो तुझी रेंज गेली म्हणून.

त्याचं तरी काय चुकलं? जगन त्याच्याहून थोडाच मोठा, मामा कमी आणि मित्र जास्त. खडवलीच्या नदीत पोहायला त्यानेच शिकवलं, सायकलवर डबलसीट त्यानेच फिरवलं. जगन फौजेत गेला तेव्हा सुदेश महिनाभर सगळ्यांना सलाम ठोकत फिरायचा. मग ती कारगिलची लढाई, आणि जगनच्या पायाखाली सुरुंग फुटला. हॉस्पिटलात त्याला बघायला गेलो तेव्हा जगन चादरीखालनं हसत म्हणाला, भाच्या, एक पाय तिथंच पेरलाय, उगवला तर कळवतील. आम्ही हसलो. सुदेश नाही हसला. तेव्हापासून त्या मुलखाचं नाव टीव्हीवर आलं तरी तो चॅनल बदलतो. तुझे फोटो आले की आम्ही सगळे डोकी एकत्र करून बघायचो, तो नाही. म्हणजे बघ, तू तिथे राहतेस त्याला दोन वर्षं होत आली आणि तुझ्या बापाने तुझं गाव कधी बघितलंच नव्हतं.

पाडव्याच्या सुमाराला आमच्या क्लासचं प्रदर्शन भरलं, त्याच हॉलमध्ये. फीत कापायला नगरसेवक येणार होते, ते आले नाहीत, मग सगळ्यात म्हातारी म्हणून मीच कापली. चित्रांखाली चिठ्ठ्या लावायच्या होत्या. बाकीच्यांनी सूर्यास्त, निसर्गरम्य सकाळ, असलं काय काय लिहिलं. माझ्या चित्राखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं, समूच्या गावचा राब. लोक येत होते, बघत होते. एक बाई म्हणाली, छान आहे, माथेरान का? मी म्हटलं हो, त्याच्या जरा वर.

मग आला जगन. खडवलीहून, पांढरी टोपी, काठी, पायाचा टक-टक आवाज करत. इतकी माणसं बघून त्याला जोर चढतो. चित्रापुढे उभा राहिला. चिठ्ठी वाचली. चित्र बघितलं. परत चिठ्ठी वाचली. आणि समू, जो हसायला लागला तो खोकला येईपर्यंत. मी म्हटलं, काय झालं रे? तर म्हणाला, आक्का, अगं राब कुठला? ते तोफेचे गोळे पडलेले खड्डे हायेत! तिथं राब भाजायला लाकूड तरी हाय का, चुलीला पुरत नाय!

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. जिथे माझ्या भावाचा पाय गेला, जिथे कुणाकुणाची पोरं गेली, तिथे मी आपली हौसेने भाताची रोपं लावत बसलेले. आणि वर ते भिंतीला टांगलेलं, चिठ्ठीसकट! हातरुमाल पाण्याच्या भांड्यात बुडवला आणि ते हिरवं पुसायला गेले. मॅडम लांबनं ओरडली, आजी, नको! तोवर मी पुसलेलं. ते पुसलं जातंय होय? ते पसरलं. जे हिरवं काळ्याच्या काठाकाठाने होतं ते पाण्याबरोबर खड्ड्यात उतरलं, पार तळापर्यंत. मी दुसऱ्यावर हात नेला तर जगनने मनगट धरलं. म्हणाला, राहू दे आक्का. आता हसत नव्हता. म्हणाला, बर्फ वितळलं का पाणी खड्ड्यातच थांबत असंल. गवत आलं तर तिथंच पहिलं येईल. मी काय हिरवं झालं तेव्हा बघायला थांबलो नाय, पण येत असंल.

मी मागे वळले तर सुदेश. कचेरीतनं तसाच आलेला, गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. कधी येऊन उभा राहिला कुणास ठाऊक. चित्राकडे बघत होता. फोटो चुकवले, टीव्ही चुकवला, पण आईने काढलेलं चित्र कसं चुकवणार? बराच वेळ बघितलं त्याने. मग विचारलं, मामा, हे असंच आहे का? जगन म्हणाला, डोंगर बरोबर हाय, आक्काने भाकरी बघून काढलाय ना. आणि मग तिथेच, लोक मध्ये ये-जा करतायत, सरबताचे ग्लास फिरतायत, जगनने जे सांगितलं ते मीसुद्धा जन्मात पहिल्यांदा ऐकलं. पाय गेल्यावर त्याला खाली आणला तो गावातल्या चार माणसांनी. दाराच्या फळीवर घालून. दार त्यांच्यातल्याच एकाच्या घराचं. घरावर गोळा पडलेला, दार तेवढं शाबूत राहिलेलं, ते बिजागरीतनं काढून त्याच्यावर ह्याला निजवलेलं. वाटेत एका म्हातारीने याच्या तोंडात वाळलेलं जर्दाळू कोंबलं, ओरडू नको, चावत राहा म्हणून. बी थुंकायची राहिली, ती हॉस्पिटलात नर्सने गालातनं काढली. यानं ती खडवलीला आणून लावली पण. उगवली नाही. म्हणतो, तिला आपली हवा मानवली नाय.

सुदेश म्हणाला, मामा, हे मला कधी सांगितलं नाहीस. जगन म्हणाला, विचारलंस कुठं? सगळे पाय कसा गेला ते विचारतात. मला उचलून कोणी आणलं, ते आजवर कोणी विचारलंच नाय. आणि मग काठीने चित्रातल्या तुझ्या शाळेच्या छपराकडे दाखवून म्हणाला, ते गाव हेच का शेजारचं, मला काय सांगता यायचं नाय. पण त्या चौघांची नातवंडं आता अशाच कुठल्यातरी शाळेत असतील. कोणीतरी शिकवत असंल त्यांना.

घरी जेवताना सुदेशने विचारलं, आई, ते हिरवं तू मुद्दाम लावलंस? मी म्हटलं, नाही रे बाबा, मला राब वाटला. म्हणाला, मग असू दे. आणि दुसऱ्यांदा आमटी घेतली.

पुढचं मजेशीर आहे. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याच्या फोनवर तुझे जुने सगळे फोटो, एकेक मोठा करून बघतोय. मी आत गेले तर म्हणाला, हवामान बघतोय. मग रविवारी खडवलीला गेला आणि जगनबरोबर राब भाजून आला, शर्टाला भोकं पाडून घेतली. आणि परवा, घामाने आमचं पिठलं झालंय, पंखा गरम वारा टाकतोय, अशा उन्हात माळ्यावरची स्वेटरची पिशवी खाली आली. घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास. तुझी आई विचारते, हे काय काढलंत? तर म्हणे, ऊन दाखवायला. कानटोपी घालून आरशात बघताना मी स्वतः पकडलं त्याला. ठाण्यात, वैशाखात, कानटोपी! मी म्हटलं, शोभते हो. लगेच काढली.

आता तुला मी एक जुनी गोष्ट सांगते, ती ध्यानात ठेव. तुझ्या आईला बघायला गेलेलो तेव्हा तिच्या वडिलांनी सुदेशला विचारलं, मुलगी पसंत आहे का? हा गप्प. परत विचारलं. गप्पच. आणि मग याने रिकामी बशी पुढे केली आणि म्हणाला, पोहे अजून आहेत का? तेवढंच. आम्ही सगळ्यांनी काय ते ओळखलं, साखर वाटली. आजपर्यंत त्याने तुझ्या आईला तू आवडतेस म्हणून सांगितलेलं नाही, तिला विचार. पण तिच्या पायाला भेगा पडल्या की मलम कोण आणून ठेवतं, तेही विचार.

तर समू, आता मान वर कर. ज्या पत्र आणणाऱ्याला पाणी द्यायला सांगितलं तो तुझ्या दाराशी बूट काढत रेंगाळला असेल, नाहीतर डोंगराकडे तोंड करून उभा असेल. त्याने इथे सगळ्यांना सांगितलंय की चित्र कुरिअरने चुरगळेल म्हणून नुसतं पोचवायला चाललोय. तूही तसंच मान, चिडवू नकोस. तांदळाची पिशवी जगनने दिलीय, यंदाच्या त्याच्या शेताचा आहे, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना घरोघरी दे आणि कुणी दिला ते सांग. पण मी हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी, की तुझा बाप तुझ्यासमोर हो म्हणणार नाही, आणि तू त्या एका शब्दाची वाट बघत बसशील आणि तो तसाच परत येईल. म्हणून सांगून ठेवते. त्याच्या मोठ्या बॅगेत, स्वेटरच्या घडीत, स्क्रूड्रायव्हर आहे आणि नवीकोरी पितळी कडी आहे. बाजारात तीन दुकानं फिरून घेतली त्याने, थंडीत हाताला चिकटणार नाही ना असं विचारत. तुझ्या खोलीच्या दाराला बसवायला. पोरीला परत न्यायला आलेला बाप तिच्या दाराला नवी कडी बसवत नाही गं. तो कडी बसवायला लागला की तू नुसती स्क्रू धरून उभी राहा, आणि समज. मग चहा पाज, आणि त्याला त्या मागच्या उतारावर घेऊन जा. आता बर्फ वितळला असेल. खड्ड्यांत दोघं वाकून नीट बघा आणि मला कळवा, मी खोटं रंगवलंय की खरं. गवत नसेल तर पुढच्या चित्रात भाकरीचाच रंग भरीन. पण मला वाटतं, असेल.

तुझ्या वाटेकडे नाही, आता तुझ्या गावाकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
तुळसाआजी